नाण्यांचं मोठं प्रदर्शन, टेबलाच्या आतल्या बाजूने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनांचा मोसम जवळ आला की हे प्रश्न ठरलेले असतात. विचारणारे काही नवे संग्राहक असतात, काही घरातली नाणी विकायला निघालेले आणि काही या धंद्यात उतरू पाहणारे. उत्तरं एका व्यापाऱ्याची आहेत. संग्राहकाला यातलं काही वेगळं दिसेल, आणि तेही रास्तच.

मोठ्या प्रदर्शनाला व्यापारी जातो तो विकायलाच ना?

विकतोही, पण खरा जातो घ्यायला. विक्री काय, दुकानात होते, फोनवर होते, नेटवर होते. माल कुठून आणायचा? जुनी नाणी आता कोणी पाडत नाही (एक थोर अपवाद आहे, तो पुढे येईल). जी आहेत ती या हातातून त्या हातात फिरत राहतात, आणि असे शेकडो हात एका छताखाली येतात ते मोठ्या प्रदर्शनातच. टेबलाचं भाडं, प्रवास, मुक्काम, विमा एवढा सगळा भुर्दंड सोसून माणूस तिथे उभा राहतो तो यासाठी.

धडाक्याने विक्री झाली, पेट्या रिकाम्या झाल्या आणि बदल्यात घ्यावंसं काही मिळालंच नाही, तर बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात गेलं याचं! मला मात्र परतताना धडकी भरलेली असते. पुढचे काही महिने विकू काय? नफा घेतानाच ठरतो. विकताना तो फक्त गल्ल्यात पडतो.

मोठं म्हणजे नेमकं कोणतं प्रदर्शन?

जगात नाव असलेली काही आहेत. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन ही १८९१ साली स्थापन झालेली संस्था दर उन्हाळ्यात ‘वर्ल्ड्स फेअर ऑफ मनी’ भरवते. जानेवारीत फ्लोरिडात ‘फन’ भरतं. वर्षभराचे भाव कसे राहणार याचा अंदाज अमेरिकन व्यापारी तिथे घेतात. त्याच महिन्यात न्यूयॉर्कचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन असतं. तिथे अमेरिकेच्या नाण्यांपेक्षा प्राचीन आणि इतर देशांच्या नाण्यांचा बोलबाला जास्त. बर्लिनची ‘वर्ल्ड मनी फेअर’ मुळात १९७२ मध्ये बाझेलला सुरू झाली आणि २००६ मध्ये बर्लिनला गेली. तिचा थाट निराळा, कारण तिथे देशोदेशींच्या टांकसाळी स्वतः येतात.

नाव कोणतंही असो, आतली रचना बरीचशी सारखी असते. मधोमध व्यापाऱ्यांच्या टेबलांच्या रांगा, कडेला नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या आणि लिलावगृहं, एका बाजूला संग्राहकांनी मांडलेली, विक्रीला नसलेली नाणी. हा शेवटचा भाग लोक घाईत गाळतात. तसं करू नका. पुस्तकात ज्यांची चित्रं पाहायची ती नाणी तिथे काचेखाली हातभर अंतरावर असतात.

दार उघडण्याआधीच चांगला माल संपतो म्हणतात. खरं आहे का?

बरंचसं खरं आहे.

लोकांना आत सोडण्याआधी टेबलं लावायला व्यापाऱ्यांना वेळ दिलेला असतो. मोठ्या ठिकाणी अख्खा दिवसही. या वेळेत टेबल लावणं हे काम नावालाच. दिवा जोडला, पेटीचं कुलूप काढलं की अर्धे व्यापारी आपलं टेबल मदतनिसाच्या हवाली करून दुसऱ्यांच्या टेबलांवर गेलेले असतात. खिशात भिंग, हातात वही, तोंडी एकच प्रश्न: ‘नवीन काय आणलंय?’ काचेच्या पेटीत मांडलेला माल बघायला कोणी थांबत नाही. खरी उत्सुकता असते ती टेबलाखालच्या, अजून न उघडलेल्या डब्यांची. कुणी नुकताच एखादा जुना संग्रह अख्खा विकत घेतला असेल तर ती बातमी सभागृहात वाऱ्यासारखी पसरते आणि त्याच्या टेबलाभोवती बोलायलाही जागा उरत नाही. एखादं नाणं सकाळी एका टेबलावरून निघतं आणि लोक आत येईपर्यंत दोन-तीन मालक बदलून चौथ्याच पेटीत दिसतं. प्रत्येक टप्प्यावर थोडा नफा चढलेला असतो, हे सांगायला नकोच.

मग संग्राहकाने यायचंच कशाला? कारण व्यापाऱ्याला थोडं थोडं सगळं कळतं, आणि नेमकं तिथेच तो गाफील असतो. ज्याचा जन्म सोन्याच्या नाण्यांत गेला तो तांब्याच्या पैशाचे ठशांचे प्रकार बघत बसत नाही. त्याच्या लेखी ते वर्ष आणि तो दर्जा, झालं. एकाच वर्षाच्या, एकाच टांकसाळीच्या नाण्यांत आकड्यांतलं अंतर, पानांची संख्या, अक्षराची ठेवण बदलते, आणि त्यातला एखादा ठसा दुर्मीळ असतो. एका छोट्याशा विषयात ज्याने वर्षानुवर्षं डोळे घातले आहेत, तो संग्राहक भर दुपारी येतो, शंभर जणांनी चाळलेल्या डब्यातून एक नाणं उचलतो, लिहिलेली किंमत मुकाट्याने देतो आणि चालू लागतो. असं माझ्याच डब्यांतून उचलून नेणारे आहेत. मला त्यांचा राग येत नाही. पुढच्या वेळी त्यांना चहाला बसवून त्यांच्याकडून शिकून घेतो.

भाव कसा ठरतो? घासाघीस करावी का?

करावी, पण रीत सांभाळून.

पाकिटावर लिहिलेला भाव हा बहुतेक वेळा बोलणं सुरू करण्यासाठी असतो. आपापसात आम्ही घाऊक भावांचे तक्ते समोर ठेवून बोलतो. अमेरिकन नाण्यांसाठी असा तक्ता १९६३ पासून छापला जातो आणि तिथला प्रत्येक व्यापारी तो जवळ बाळगतो. पण तक्त्यातला भाव त्या दर्जाच्या साधारण नाण्याचा. देखणं नाणं त्याच्या वर जातं, मरगळलेलं खाली येतं, आणि सगळी बोलाचाली त्या फरकावरच चालते.

‘शेवटचं काय होईल?’ हे विचारायला हरकत नाही. मात्र तुम्ही स्वतः आकडा सांगितलात आणि समोरचा ‘ठीक’ म्हणाला, तर सौदा झाला. मग ‘एक चक्कर मारून येतो’ चालत नाही. या धंद्यात लाखमोलाची नाणी चिठ्ठीवर, कधी नुसत्या शब्दावर जांगड दिली जातात: घेऊन जा, गिऱ्हाइकाला दाखव, जमलं तर पैसे दे, नाहीतर नाणं परत. ही सोय ज्याला मिळते त्याला भांडवलाच्या दसपट माल फिरवता येतो. एकदा शब्द फिरवलेल्याला ती मिळत नाही, आणि का मिळत नाही हे त्याला कोणी सांगतही नाही.

आणखी एक. दुसऱ्याच्या हातात नाणं असताना त्याबद्दल बोलू नये. तो बघतोय तोवर ते त्याचं. त्याने खाली ठेवलं की मग तुम्ही हात पुढे करा. ‘पलीकडे हेच स्वस्त आहे’ असं म्हणणाऱ्याला आमचं उत्तर ठरलेलं असतं: मग पलीकडे घ्या.

नाणं हातात आलं की तुम्ही आधी काय बघता?

आधी दिवा. मोठ्या सभागृहाचा वरचा उजेड पसरट असतो, त्यात बारीक ओरखडे लपतात आणि मेलेली झळाळीसुद्धा बरी दिसते. म्हणून स्वतःचा, एकाच बिंदूतून प्रकाश टाकणारा टेबलदिवा लागतो. नाणं कडेने धरायचं, खाली मऊ कापड, आणि दिव्याखाली ते हळूहळू कलवायचं. टांकसाळीतून निघाल्यावर न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चक्राच्या आऱ्यांसारखे फिरतात. ठसा आदळताना धातू मधून कडेकडे वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे हे होतं. एकदा का त्या रेषा वापराने, पॉलिशने किंवा रसायनाने गेल्या की परत आणता येत नाहीत. चमक आणता येते, पण ती अशी फिरत नाही, जागच्या जागी लखलखते.

मग उंचवटे. झीज तिथून सुरू होते. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्यावर ती कानावरच्या केसांत आणि मागच्या गरुडाच्या छातीवर आधी दिसते. पण इथे गफलत होऊ शकते. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पाडलेल्या मॉर्गन डॉलरवर ठसा अनेकदा कमी दाबाने उठलेला असतो, त्यामुळे कानावरचे केस मुळातच सपाट. ही झीज की मूळचंच अपुरं उठणं, हे रंगावरून कळतं. झिजलेली जागा मंद, करडी दिसते; अपुऱ्या ठशाच्या जागी झळाळी शाबूत असते. या एका फरकावर भाव कित्येक पटींनी बदलतो, म्हणून घाई नको.

तिसरं, पुसलेलं आहे का. सगळे बारीक ओरखडे एकाच दिशेने जात असतील तर कोणीतरी कापड फिरवलंय. मैदान (चित्र आणि अक्षरांमधला सपाट भाग) चकचकीत आणि अक्षरांच्या खाचांत काळं, तरी तेच. रंग चढलेला असेल तर तो ओरखड्यांशी कसा वागतो ते बघायचं. वर्षानुवर्षांत नैसर्गिकपणे चढलेला थर उंचवट्यांप्रमाणे, कडेकडून आत असा बदलत जातो. घाईने चढवलेला रंग मात्र सगळ्यावरून सारखाच वाहत गेलेला दिसतो, ताज्या ओरखड्यांच्या आतूनसुद्धा.

आणि काठ. काठ कोणीच बघत नाही, म्हणून मी बघतो. ओतीव बनावट नाण्यावर जोड घासून काढल्याची खूण तिथेच राहते. पूर्वी दागिन्यात बसवलेल्या नाण्याच्या टाक्याचा डागही तिथेच सापडतो.

नाणं टेबलावर आपटून आवाज ऐकणारे अजून भेटतात. माझ्या टेबलावर ते चालत नाही.

बनावट नाणी एवढ्या मोठ्या ठिकाणीसुद्धा येतात का?

येतात. आणणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही, त्यालाही कोणीतरी फसवलेलं असतं.

ढोबळ नकला वजनकाट्यावरच गळतात. अमेरिकेने १८७३ पासून आशियातल्या व्यापारासाठी पाडलेल्या ट्रेड डॉलरचं वजन २७.२२ ग्रॅम हवं. आज सापडणाऱ्या नकला बहुधा हलक्या निघतात, काही तर चक्क लोहचुंबकाला चिकटतात. चांदीचं नाणं चुंबकाला चिकटत नाही. मात्र तिरप्या ठेवलेल्या जोरकस चुंबकावरून ते सुळकन न घसरता रेंगाळत उतरतं. तांबंही तसंच उतरतं, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. सॉव्हरीन हे ब्रिटिश सोन्याचं नाणं ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर. सोनं इतकं जड आहे की हलक्या धातूत वजन जुळवायला गेलं की व्यास नाहीतर जाडी हटकून चुकते. टंगस्टनची घनता १९.२५ आणि शुद्ध सोन्याची १९.३२, म्हणून लगडींच्या आणि जाड नाण्यांच्या बाबतीत तो धातू डोकेदुखी आहे.

पण मला झोप न येऊ देणाऱ्या नकला त्या नव्हेत. १९५०-६० च्या काळात बैरूतकडे पाडलेली बनावट सॉव्हरीन सोन्याचीच असत. तेव्हा नाण्याला सोन्यापेक्षा जास्त भाव होता, त्या फरकावर हा उद्योग चाले. काटा तिथे काही बोलत नाही. अक्षरांची धार आणि मैदानाचा पोत बघावा लागतो. त्याहून अवघड प्रकार म्हणजे अस्सल नाण्यात केलेला बदल. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन डॉलर फक्त एक लाख पाडला गेला. त्याच वर्षाच्या दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यावर इवलासा ‘एस’ (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण) चिकटवला की किंमत उडी मारते. चांदी खरी, वजन खरं, साल खरं. मात्र या डॉलरच्या समोरच्या बाजूसाठी एकच ठसा वापरला गेला होता, आणि त्या ठशामुळे ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक तिरपी रेघ उमटते. ‘एस’ कडे नंतर बघतो, आधी ती रेघ शोधतो.

प्राचीन नाण्यांचा एक नियम लक्षात ठेवा. हाताने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. दोघांवर तोच ओरखडा त्याच जागी, काठही तसाच वाकडा, असं दिसलं तर दोन्ही एका साच्यातून ओतलेली असण्याची शक्यता मोठी.

स्लॅबमधलं नाणं डोळे मिटून घ्यायला काय हरकत आहे?

डोळे मिटायची हरकत आहे.

स्लॅब म्हणजे दर्जा ठरवून नाणं ज्यात सीलबंद करतात ती प्लास्टिकची डबी. पद्धत चांगली आहे, वाद नाही. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० असं मोजमाप मांडलं. पुढे तेच सर्व नाण्यांना लागू झालं. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या आल्या. नाणं तपासायचं, दर्जा ठरवायचा आणि सीलबंद प्लास्टिकमध्ये बंद करायचं, हे त्यांचं काम. त्याआधी दर्जा म्हणजे विकणाऱ्याची जीभ होती. त्या काळापेक्षा आजचा गिऱ्हाईक कितीतरी सुरक्षित आहे.

तरीही ६४ लिहिलेली दोन नाणी शेजारी ठेवा. एक जेमतेम ६४, दुसरं थोडक्यात ६५ हुकलेलं. चिठ्ठी तीच, नाणं वेगळं. हा फरक इतका सर्वमान्य आहे की २००७ पासून दुसरी एक कंपनी स्लॅबमधल्याच नाण्यांतून त्या दर्जात बसणारी भक्कम नाणी निवडून त्यांना हिरवं लेबल लावते. काही व्यापारी ‘हुकलेलं’ नाणं स्लॅब फोडून पुन्हा तपासायला पाठवतात. प्रदर्शनात ग्रेडिंग कंपन्यांच्या खिडक्यांपुढे रांग लागते ती बरीचशी यांचीच. कधी वरचा आकडा मिळतो, कधी खालचा.

आता स्लॅबसुद्धा बनावट निघतात. प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या साइटवर घाला, फोटो असेल तर तो समोरच्या नाण्याशी ताडून बघा. क्रमांक खरा, नाणं दुसरंच, असं होऊ शकतं.

घरात सापडलेली जुनी नाणी घेऊन लोक येतात तेव्हा काय होतं?

या प्रश्नावर मी अंमळ हळवा आहे. दुसऱ्या दिवशी, गर्दी स्थिरावली की ते येतात. हातात डबा किंवा रुमालाची पुरचुंडी, आणि चेहऱ्यावर विचारू की नको.

त्यांच्या पुरचुंडीत हमखास सापडणारं नाणं म्हणजे मारिया थेरेसा थॅलर. ४० मिलिमीटरच्या आसपासचं भरघोस चांदीचं नाणं, वर साल १७८०. घरच्यांची समजूत असते की हे अडीचशे वर्षांचं. वर सांगितलेला अपवाद तो हाच. १७८० मध्ये ऑस्ट्रियाची ही महाराणी वारली, पण अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या बाजारात लोकांना तिचंच नाणं हवं होतं. म्हणून ते त्याच सालासकट पाडत राहिले. व्हिएन्नात, पुढे रोम, लंडन, पॅरिस, बर्मिंगहॅम, मुंबई इथेही. २८.०७ ग्रॅम, शुद्धता हजारात ८३३. आजही पाडतात. बारकाव्यांवरून कोणत्या टांकसाळीचं हे काही वेळा ओळखता येतं आणि काही प्रकार खरोखर दुर्मीळ आहेत, पण बहुतेकांची किंमत चांदीच्या आसपासच.

हे सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो. तरी लगेच आणि स्पष्ट सांगावं. ‘बघू, विचार करून सांगतो’ म्हणून लटकवून ठेवलं तर तो चार टेबलांवर जाऊन चार वेगळ्या गोष्टी ऐकतो. आणि उलट झालं, म्हणजे विकणाऱ्याला कल्पना नाही असं भारी नाणं पुरचुंडीत निघालं, तर? तर त्याला सांगायचं की हे भारी आहे, आणि योग्य भाव द्यायचा. काही जण असं करत नाहीत. मी नावं घेत नाही, पण त्यांच्या टेबलावर कोणत्या नाण्यांची गर्दी असते ते मला ठाऊक आहे.

येण्याआधी एक कृपा करा, नाणी घासू नका. लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच. काळं पडलेलं नाणं विकलं जातं, घासलेलं पडून राहतं. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे हिरवट चिकट थर आला असेल तर तो शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो, पण तेही माहीतगाराकडून.

सगळं नेटवर दिसतं, लिलाव फोनवर होतात. मग प्रदर्शनाची गरज काय उरली?

१९१३ च्या लिबर्टी निकेलची हकिकत सांगतो. हे पाच सेंटचं नाणं टांकसाळीच्या दप्तरी नोंदलेलंच नाही, आणि जगात पाचच ज्ञात आहेत. त्यातलं एक जॉर्ज वॉल्टन यांच्याकडे होतं. १९६२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या नाणेप्रदर्शनाला मोटारने निघाले असताना अपघातात वारले. त्यांच्या सामानात हे निकेल होतं. वारसांनी संग्रह विकायला काढला, तेव्हा जाणकारांनी निर्वाळा दिला की साल बदललेलं आहे, नाणं बनावट. नाणं घरच्यांना परत मिळालं आणि जवळपास चाळीस वर्षं बहिणीच्या कपाटात पडून राहिलं. तोवर जगभर ‘पाचवं निकेल हरवलं’ अशी चर्चा चालूच होती.

२००३ मध्ये बाल्टिमोरला असोसिएशनच्या प्रदर्शनात उरलेली चारही निकेलं एकत्र मांडायची ठरली आणि पाचव्यासाठी मोठं बक्षीस जाहीर झालं. कुटुंबाने ते ‘बनावट’ नाणं तिथे नेलं. रात्री सहा तज्ज्ञांनी ते चार अस्सल नाण्यांच्या शेजारी ठेवून, पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं आणि एकमताने सांगितलं, हेच ते. २०१३ मध्ये ते लिलावात ३१ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं.

एकट्या नाण्याकडे बघून जाणकार चुकले होते. चार सोबती शेजारी आल्यावर शंका उरली नाही. अशी पाच नाणी एका टेबलावर येण्याची जागा दुसरी कोणती? आमच्या रोजच्या कामात एवढं मोठं काही नसतं, पण होतं तेच. फोटोत झळाळी फिरत नाही आणि काठ दिसत नाही, आणि फोटो काढणाऱ्याचा दिवा कुठे होता हे तर त्यालाच माहीत.

सोबतच्या लिलावांमध्ये बोली लावावी का?

आधी लॉट, म्हणजे बोलीला ठेवलेली नाणी, हातात घेऊन बघा. त्यासाठी वेगळी खोली आणि वेळ ठेवलेली असते. तुमची वरची मर्यादा तिथेच कागदावर लिहा. हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराचं शुल्क लागतं, अनेक लिलावगृहांत ते वीस टक्क्यांच्या आसपास असतं. हे धरून मर्यादा ठरवली नसेल तर खोलीत बसू नका.

एवढा माल जवळ असताना चोरीची भीती नाही वाटत?

सभागृहात फारशी नाही. तिथे पहारा असतो, गळ्यात ओळखपत्र असतं, रात्री पेट्या आत कुलूपबंद राहतात आणि दारं बंद होतात. टेबलावर धोका असतो तो लक्ष विचलित करणाऱ्या जोडीचा: एक भाव विचारत राहतो, दुसऱ्याचा हात चालतो. म्हणून एका वेळी एकच नाणं पेटीबाहेर, आणि ते आत गेल्याशिवाय दुसरं नाही. गिऱ्हाइकाला हे कधी अपमानास्पद वाटतं. वाटू दे.

खरा धोका सभागृहाबाहेर असतो. पाळत ठेवणारे व्यापाऱ्याला प्रदर्शनातून निघताना हेरतात आणि तो पेट्रोल भरायला किंवा जेवायला थांबेपर्यंत मागे येतात. गाडी दोन मिनिटं सोडली, संपलं. कित्येक विमा करारांत कोणी नसलेल्या गाडीतल्या मालाची भरपाई मिळतच नाही, ही अट बारीक अक्षरात असते. गळ्यातलं ओळखपत्र दाराबाहेर पडायच्या आधी काढायचं, वाटेत थांबायचं नाही, मुक्कामावर कोणत्या खोलीत आहोत ते कोणाला सांगायचं नाही. संग्राहकांनीही हे पाळावं. भारी नाणं घेतल्याच्या आनंदात लॉबीत उभं राहून मित्रांना दाखवणारे मी पाहिले आहेत.

सोबत काय काय नेता?

दहापट भिंग. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. कॅलिपर, चुंबक, स्वतःचा दिवा आणि लांब वायर (तिथला जवळचा प्लग कायम दुसऱ्याच्या टेबलाखाली असतो). सुटे पैसे. पावतीपुस्तक. गिऱ्हाइकांच्या मागण्यांची यादी, जिच्यामुळे अर्धी खरेदी मी ती नाणी पाहण्याआधीच विकलेली असते. आणि आरामदायी बूट. सिमेंटच्या फरशीवर दिवसभर उभं राहिल्यावर बाकीची सगळी सामग्री गौण वाटते.

परदेशी प्रदर्शनातून नाणी आणताना काही अडचण?

कायदे वाचून जा. बऱ्याच देशांत ठरावीक वयापेक्षा जुनी नाणी पुरावस्तू धरली जातात आणि परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा. त्याच्या आधारे अमेरिकेने २००७ मध्ये सायप्रसच्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि नंतर आणखी देशांची नाणी त्यात आली. प्राचीन नाणं घेताना ते आधी कुणाकडे होतं, कोणत्या लिलावात आलं होतं, याचे कागद मागा. विकणारा या प्रश्नावर चिडला तर नाणं खाली ठेवा. सीमाशुल्काच्या खिडकीवर जे आहे ते जाहीर करा, खरेदीची पावती वर ठेवा.

पहिल्यांदाच येणाऱ्या संग्राहकाने काय करावं?

पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नये. सगळ्या रांगा एकदा फिराव्यात, कोणाच्या टेबलावर आपल्या विषयाचं काय आहे ते टिपावं. नंतर त्या चार-पाच टेबलांवर निवांत बसावं. ‘मला यातलं फार कळत नाही, दोन दर्जांतला फरक दाखवाल का?’ असं सरळ विचारलं तर बहुतेक व्यापारी गर्दी नसताना आनंदाने दाखवतात. न दाखवणाऱ्याकडून नाणंही घेऊ नये.

शेवटच्या दिवशी स्वस्त मिळतं का?

काही प्रमाणात. परतीचं ओझं कमी करायला लोक किरकोळ नाण्यांचे डबे, सुटी परदेशी नाणी, जुनी पुस्तकं पडेल भावात सोडतात. ज्याने खरेदी भरपूर केली आहे आणि रोख संपली आहे, तोही शेवटी नरमतो. भारी मालाच्या बाबतीत तसं होत नाही. त्याला पुढचं प्रदर्शन आहेच. शिवाय छापील वेळेवर फार विसंबू नका. समारोप संध्याकाळी पाचला लिहिलेला असला तरी लांबचे व्यापारी दुपारीच पेट्या आवरायला घेतात. डबे चाळायचे असतील तर सकाळी या.